सातवं सोंग

"आज दार बंद ठेवा, काकू. एवढंच मागायला आलोय." पाळक टॉर्किल उंबऱ्यातच उभे होते, डाव्या बुटावर उजवा बूट ठेवून.

"दार बंद ठेवा म्हणतोस आणि स्वतःच उघडं धरून उभा राहतोस. सगळी ऊब चालली बाहेर." एफीकाकूंनी तव्यावरचा पॅनकेक उलटला. त्या अठ्ठ्याऐंशीच्या होत्या. गावात पाळकांना अरेतुरे करणारं एवढं एकच तोंड उरलं होतं.

पाळक आत आले. त्यांनी दार लावलं, पण बसले नाहीत. दाराला पाठ लावून उभे राहिले.

त्यांचा दरारा तसा मोठा. स्कॉटलंडच्या लुईस बेटावरच्या त्या गावात रविवारी कोंबडासुद्धा आरवायच्या आधी इकडंतिकडं बघून घेतो. पाळकांनी हॅलोवीन बंद म्हटलं आणि गावानं तो बंद केला. यंदा पोखरलेल्या सलगमाचा दिवा एकाही खिडकीत नव्हता. काकूंची खिडकी सोडून.

"मेलेल्यांच्या नावानं सोंगं घ्यायची आणि दारोदार हिंडायचं. प्रभूच्या वचनात हे कुठं बसतं?"

"पोरं पॅनकेक खायला येतात, टॉर्किल. मेलेले कशाला येतील? त्यांना माझ्या हातची चव ठाऊक आहे."

पाळक हसले नाहीत. खिडकीतल्या सलगमाचा करपट गोडसर वास नाकात शिरला आणि ते अकरा वर्षांचे झाले.

तेव्हा सोंगं घेतलेली पोरं घरात मुकाट शिरायची. तोंडावर मेंढीच्या कातड्याचा मुखवटा, अंगावर दुसऱ्याच कुणाचे तरी कपडे. घरच्यांनी ओळखायचं. नाव बरोबर आलं की मुखवटा काढायचा, हा नियम. चुकलं, तर मुखवटा तसाच. मग खायचं आणि आलो तसं निघून जायचं. एफीकाकूंची नजर अशी, की धुराड्यावर बसलेल्या समुद्रपक्ष्याचंही घराणं सांगतील. त्यांच्या घरातून मुखवट्यासकट कुणीच परत गेलं नव्हतं.

त्या वर्षी मार्चमध्ये त्यांचा एकुलता एक फिनली होडीसकट बुडाला. समुद्रानं त्याला परत दिलं नाही. त्याचा निळा स्वेटर मात्र टॉर्किलकडं राहिला होता. दलदलीत पडून कुडकुडणाऱ्या मित्राला फिनलीनं तो स्वतःच्या अंगातून काढून दिला होता. हॅलोवीनला टॉर्किलनं तो घातला. का घातला, ते त्याला तेव्हाही सांगता आलं नसतं.

सात सोंगं आत आली. सहांची नावं काकूंनी भराभर घेतली. सातव्यापाशी थांबल्या. स्वेटरच्या कोपरावर त्यांच्याच हातचं रफू होतं.

"फिनली," त्या म्हणाल्या.

पोरं हबकली. टॉर्किलला पळून जायचं होतं. काकूंनी त्याला चुलीजवळ फिनलीच्या स्टुलावर बसवलं. पॅनकेकवर दुप्पट लोणी घातलं. त्याचं खाऊन होईपर्यंत त्या कोपरावरच्या रफूवर बोट ठेवून बसल्या. तो रडत रडत खात होता. कातड्याआडचं रडणं कुणाला दिसणार?

त्या रात्रीला आता सत्तेचाळीस वर्षं झाली होती.

"काकू," पाळक म्हणाले. आवाज प्रवचनाचा राहिला नव्हता. "फिनलीचा स्वेटर घालून आलेला तो मी होतो."

काकूंनी हातातलं उलथणं बाजूला ठेवलं.

"तुम्ही लेकरासाठी रडून रडून थकलेल्या. अशात मेलेला पोरगा परत येतो, हे खूळ मी तुमच्या डोक्यात घातलं. म्हणून तर दरवर्षी दिवा लावून बसता. सैतानानं त्या दिवशी मला हाताशी धरलं, काकू. त्याच पापापायी मी पाळक झालो. त्याच पापापायी गावातले दिवे विझवत आलो. हा एक तेवढा विझवता आला नाही. दरवर्षी या दारापर्यंत यायचो आणि मागं फिरायचो."

तव्यावरचा पॅनकेक करपला. बाहेर कुंपणापाशी कुजबुज झाली आणि कुणीतरी कुणाला तरी गप्प केलं. हॅलोवीन गावानं बंद केला होता, पोरांनी नव्हता.

"आधी पाय उतरव," काकू म्हणाल्या.

"काय?"

"बुटावरचा बूट. दाराशी उभा राहिलास की तुझा असा बगळा होतो. त्या दिवशीही झाला होता."

पाळकांनी खाली पाहिलं. सावकाश पाय जमिनीवर टेकवला.

"म्हणजे तुम्ही मला..."

"आत आलास तेव्हाच ओळखलं." एफीकाकूंनी करपलेला पॅनकेक चुलीत टाकला आणि तव्यावर नवा घातला. "पण तुझं नाव घेतलं असतं, तर तुला मुखवटा काढावा लागला असता."