न खाल्लेला उंट

उंटानं राजाशेजारचं प्यादं मारलं. "शह," फिटर म्हणाला आणि हात मागे घेऊन बसला. त्याचा वजीर आणि हत्ती, दोघंही समोरच्या घोड्याच्या तोंडाशी होते, पण तिकडे बघतो कोण? हा उंट फुकटचा होता. राजानं तो खायचा, लगेच फिटरचा घोडा उडी मारणार, पुन्हा शह, आणि मग राजाची भर पटावर धिंड.

समोर म्हातारा स्टोअरकीपर. तोंडात खोकल्याची गोळी. कारखान्याच्या संघात एकच जागा उरली होती, हा डाव जिंकेल त्याची. गेल्या वर्षी फिटर राखीव होता. राखीव म्हणजे पट उचला, सोंगट्या गोळा करा, खेळणाऱ्यांना चहा आणा. तोंडावर हसायचं आणि आतून जळायचं.

'खा ना बाबा, खा,' तो मनात म्हणत होता.

स्टोअरकीपर गोळी या गालातून त्या गालात करत बसला. कँटीनच्या पंख्याची कुरकुर डोक्यात जायला लागली. शेवटी एकदाचा राजा हलला. फिटरचा हात घोड्यावर तयारच होता. त्यानं घोडा उचलला आणि ठाण्णदिशी आपटला.

"शह!"

"कुणाला?" स्टोअरकीपरनं विचारलं.

फिटरनं आता कुठे पाहिलं. राजानं उंट खाल्लाच नव्हता. एक घर बाजूला सरकून तो निवांत बसला होता. घोड्याची त्याला काडीचीही झळ नव्हती.

"चाल झाली हं," म्हणत स्टोअरकीपरनं फिटरचा वजीर मारला.

घरी धाकटी बहीण दारात सायकलच्या चेनशी झटत होती. त्याचं तोंड बघूनच म्हणाली, "हरलास?"

"त्या म्हाताऱ्यानं उंट खाल्लाच नाही! आयता उंट सोडतं का कुणी? महिनाभर डोकं फोडलंय मी या डावावर!"

"आणि माझं? रोज जेवण झालं की मला बसवायचास समोर."

"हो, पण तू प्रत्येक वेळी खायचीस की!"

"पहिल्या दिवशी कुठे खाल्ला होता? राजा बाजूला सरकवला होता मी. केवढ्यानं खेकसलास! 'अगं बावळट, असं कुणी खेळत नाही, उंट खा.' मग काय, खात गेले."

राग कुणावर काढायचा तेच फिटरला कळेना. तो तरातरा आत गेला, पट घेऊन आला, तिथेच जमिनीवर मांडला. डाव नेमका त्या जागेवर आणून ठेवला.

"हात पूस. बस इथे. हं, आता सरकव राजा बाजूला."

ती हात पुसून बसली. पटाकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"म्हणजे दादा, आत्तापण माझी चाल तूच खेळणार?"