रक्तातली सूज

"सूज रक्तात आहे, बाई. तिचा ताण हृदयावर येतो. हात लावून ती कळत नाही," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी सौंदडला घरी गिरजाबाई रोज नवऱ्याच्या पायावर बोट दाबून बघायचीच. तिनं बाबूलालचा तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडवला, भाजीतलं मीठ कमी केलं आणि यंदाचा धानाचा रोवणा, चिखलात वाकून करायची सगळी लावणी, एकटीनं अंगावर घेतला.

आज गोंदियाच्या दवाखान्यात डॉक्टर रिपोर्ट बघून खूश झाले. "बढिया! सूज उतरली, हृदयही नीट काम करून राहिलं. बाबूलालजी, ताईंनी सांभाळलं तुम्हाला."

बाबूलाल आज कितीतरी दिवसांनी ताठ चालत होता. तो फाटकापर्यंत पोचलासुद्धा. गिरजाबाई मात्र दाराबाहेर काढलेल्या चपलांपाशीच भिंत धरून उभी राहिली. तिला तिथंच पायरीवर बसावंसं वाटत होतं.

"काऊन थांबली वं? बस निघून जाईन ना!"

"येऊन राहिली," ती कशीबशी म्हणाली.



सकाळी घरून घालून आलेली चप्पल आता काही केल्या तिच्या पायात जात नव्हती.