दोन ठिकाणी विमान बदलून

विमानाने जगातली अंतरं मिटवली, हे विज्ञानाचे मानवजातीवर थोर उपकार आहेत. सासऱ्यांच्या घरात सहा वर्षं काढलेल्या जावयाला मात्र वाटत होतं, एखादं अंतर शिल्लक ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं?

त्याने मागून घेतलेली बदली मंजूर झाली होती. नवं शहर विमानाने थेट पावणेदोन तासांवर. म्हणजे सासरे, अण्णा, सकाळी दाढी करून निघाले, तर दुपारी जेवायला दारात हजर.

अण्णा वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. खातं सुटलं, तपासणी सुटली नव्हती. जावई आंघोळीला गेला की बाहेरून आवाज येई, "जावईबापू, दुसरी बादली का?" चहात साखर किती, दिवा किती वेळ, फोनवर कोण, कशालाही सूट नव्हती.

"अण्णांचा जीव आहे हो तुमच्यावर," बायको म्हणायची. भीती त्याचीच होती.

"जायला वेळ किती लागतो?" अण्णांनी जेवताना विचारलं.

"नऊ तास," जावई ताटाकडे बघत म्हणाला. "दोन ठिकाणी विमान बदलायचं. तुमच्या गुडघ्यांना नाही झेपायचं."

"थेट नाही जात?"

"छे. आडवळणाचं गाव ते."

उभ्या हयातीत दुसऱ्याच्या तराजूवर विश्वास न ठेवलेला माणूस नुसतं "बरं" म्हणाला आणि पाणी प्यायला. जावयाला क्षणभर दया आली. पण खोटं बोलायचं तर ते निभवायलाही हवं, म्हणून त्याने स्वतःची आणि बायकोची तिकिटंसुद्धा दोन ठिकाणी विमान बदलण्याचीच काढली.

त्यानंतर अण्णा मऊ पडले. कुंड्या शेजारच्या मावशींना देऊन टाकल्या. एकदा विचारलं, "तिथल्या खोल्यांत सकाळचं ऊन येतं का हो?"

"भरपूर," जावई उदारपणे म्हणाला.

"एकटे पडतील ते," रात्री बायकोने डोळे पुसले.

"येत जाऊ की आपण. अधूनमधून."

तो आता दोन-दोन बादल्या वापरू लागला होता. दाराबाहेर शांतता असे.

निघायच्या दिवशी अण्णा विमानतळावर आले ते दोन बॅगा घेऊन. लेकीला काहीबाही बांधून दिलं असणार, असं समजून जावई एक उचलायला वाकला.

"राहू द्या. त्या माझ्या आहेत," अण्णा म्हणाले. "एवढं लांबचं अंतर. सारखी ये-जा या गुडघ्यांना झेपायची नाही, तुम्हीच म्हणालात. म्हणून एकदाच येतोय. कायमचा."

बायको रडता रडता हसली आणि वडिलांच्या गळ्यात पडली.

अण्णांनी घड्याळ बघितलं आणि हात पुढे केला. "नव्या घराची किल्ली तेवढी द्या. तुम्ही रात्री पोचाल, तोवर मी माझी खोली लावून घेतो."

"म्हणजे तुम्ही आमच्याबरोबर नाही?"

"माझं विमान थेट जातं," अण्णा म्हणाले. "पावणेदोन तास."