कोटाचं अस्तर

काउंटरवरच्या, चाचणीसाठी झाडलेल्या दोन गोळ्यांपैकी एकीचं टोक पाकळ्यांसारखं उघडलं होतं. दुसरीच्या टोकातला खळगा जीन्सच्या निळ्या धाग्यांनी बुजला होता.

"आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी जरा मंदच सुटते, वर्ना काकू," बंदुकांचा दुकानदार ऑरिन म्हणाला. "त्यात आपला मोंटानाचा हिवाळा. जाड कपड्यांत ती उघडतच नाही. आणि जोरदार गोळी घ्याल, तर समोरचा राहील उभा नि धक्क्याने तुम्हीच पडाल!"

वर्ना हसली नाही.

"बरं, ज्याची धास्ती आहे, तो अंगात काय घालतो?" ऑरिनने विचारलं.

"कॅनव्हासचा कोट. आत लोकरीचं दुहेरी अस्तर."

"इतकं नेमकं ठाऊक आहे?"

"मीच लावून दिलंय. लहानपणापासून त्याला थंडी बाधते."

खळगा नसलेल्या, सपाट टोकाच्या गोळ्यांचा डबा पुढे सरकवणारा ऑरिनचा हात तिथेच थांबला. "म्हणजे तुमचा कोल्बी?"

मुलाने दोनदा दार फोडलं होतं, एकदा गळा धरला होता; तरी वर्नाने त्याचं नाव आजवर कुणाजवळ काढलं नव्हतं.

तिने डबा ऑरिनकडे परत ढकलला.

"शेरीफला फोन लाव, ऑरिन. नाव मी सांगते."