खुर्ची चौदा, खुर्ची पंधरा

हेमांगीने विरोचनवर सूड उगवला आणि तो अख्ख्या थिएटरने ऐकला. पण ते अजून झालेलंच नाही, असं धरून चालू. सिनेमा अजून सुरू व्हायचाय.

या थिएटरात प्रत्येकाच्या कानात घातलेला बोलका मणी पडद्यावरचा प्रत्येक वाक्प्रचार प्रेक्षकांतल्याच कुणाचं तरी उदाहरण देऊन समजावतो. मणी हेमांगीने बनवला. विरोचनने पेटंट स्वतःच्या नावावर केलं आणि तिच्याशी ठरलेलं लग्न मोडलं. म्हणून तिने आपल्या फोनमधले सगळे मेसेज मण्याला वाचायला दिले आणि मुद्दाम विरोचनच्या शेजारची खुर्ची घेतली.

नायिका किंचाळली, "केसाने गळा कापलास!"

"म्हणजे विश्वासघात," मणी सगळ्यांच्या कानांत म्हणाला. "उदाहरणार्थ, खुर्ची चौदा, विरोचन. 'फ्लॅटचे कागद आहेत, सही कर' म्हणत याने पेटंट लाटलं."

माना वळल्या. विरोचन खुर्चीत घसरत गेला. हेमांगीने पॉपकॉर्न पुढे केले. "घे ना, राजा."

तेवढ्यात नायक म्हणाला, "स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतलास!"

"उदाहरणार्थ, खुर्ची पंधरा, हेमांगी. सूडापायी हिने विरोचनला न पाठवलेले मेसेजही मला दिले. त्यांत रोज एकच आहे: 'परत ये ना.'"

"अगं, खरंच?" विरोचन वर आला.

"पुढे बघ, मेल्या."

मध्यंतरात व्यवस्थापकांकडे अर्ज गेला: 'उर्वरित चित्रपटात नायकाने कृपया सरळ बोलावे, ही नम्र विनंती. आपली विश्वासू, खुर्ची पंधरा.'