कॅप्टनची पेटी

पेटी उचलताना पुन्हा हलकी लागली. वहिनींनी झाकण उघडलं. डोलकाठीच्या तारांचा ताण मोजायचं यंत्र अजूनही जागेवर नव्हतं. दोन दिवसांत आणून देतो म्हणून शेजारच्या होडीवरचे डॉक्टर ते घेऊन गेले, त्याला महिना होत आला होता.

त्या धक्क्यावर शिडाच्या होड्या बाळगणाऱ्यांची एक जुनी पद्धत होती. होडीच्या दुरुस्तीची खास अवजारं महाग, आणि लागणार वर्षातून एखाद्या वेळी. म्हणून एकाने एक घ्यायचं, दुसऱ्याने दुसरं, आणि गरज पडली की मागून न्यायचं. कॅप्टनची गोष्ट मात्र वेगळी. त्यांच्या पेटीत सगळंच होतं. नोकरी त्यांनी जन्मभर विम्याच्या कचेरीत केली, कॅप्टन हे नाव धक्क्याने लाडाने ठेवलेलं. पण पेटी उघडली की रुबाब खरोखर कॅप्टनचा. प्रत्येक अवजाराच्या दांड्याला काळी टेप गुंडाळलेली. "हात सरकत नाही," असं सांगायचे. संसारात त्यांनी वहिनींना मिरवायला फारसं काही दिलं नव्हतं. ही पेटी तेवढी दिली होती.

ते गेले, आणि एकाएकी सगळ्यांना अवजारं लागायला लागली. आधी मास्तर आले. त्यांना होडीचा पंखा काढायचा पुलर हवा होता. मग फोटोग्राफर आला आणि तारा कापायची मोठी कात्री घेऊन गेला. यायचे ते एकेकटे, आणि नजर चुकवत. 'आणून देतो, वहिनी' म्हणायचे, आणि गेलेली वस्तू परत यायचं नाव घेत नसे. वहिनी धक्क्यावर दिसल्या की चाललेलं बोलणं थांबायचं. डॉक्टरांनी तर कमाल केली. पेटीत हात घालून त्यांनी यंत्र बरोबर बाहेर काढलं, शोधावंसुद्धा लागलं नाही. वर म्हणाले, "याचा काटा मध्येच जरा अडतो." म्हणजे डोळा पहिल्यापासून होता. एकटी बाई, हिला यातलं काय कळणार, असा हिशोब असणार.

वहिनींना यंत्राचं काही करायचं नव्हतं. पण पेटीतून एकेक वस्तू जात होती आणि तिच्याबरोबर कॅप्टनही थोडे थोडे कमी होत चालले होते. ते त्यांना सहन होईना.

त्या तरातरा निघाल्या. डॉक्टर होडीवर बसून गुंतलेला दोर सोडवत होते. मास्तर आणि फोटोग्राफर तिथेच चहा पीत उभे होते. बरंच झालं, वहिनींना वाटलं, चार लोकांना ऐकू जाऊ दे.

"आमचं यंत्र द्या, भाऊजी. मेलेल्या माणसाच्या पेटीवर हात मारताना जराही लाज वाटली नाही तुम्हाला? याला चोरी म्हणतात."

मास्तर काहीतरी बोलायला गेले. डॉक्टरांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, तसे ते गप्प बसले. डॉक्टर आत गेले, यंत्र घेऊन आले, फडक्याने पुसून त्यांनी ते वहिनींच्या हातात दिलं.

"चुकलं, वहिनी. आधीच आणून द्यायला हवं होतं."

एवढ्यावर मिटलं. आणि म्हणूनच वहिनींचा संशय आणखी वाढला. वाद न घालता, आवाज न चढवता कोणी वस्तू परत देतं का? यात नक्की पाणी मुरत होतं. आमचं चांगलं ठेवून घेतलं असेल आणि आपलं भंगार गळ्यात मारलं असेल. आपल्या होडीच्या खोलीत येऊन त्यांनी यंत्र खिडकीजवळ धरलं आणि उलटंसुलटं करून पाहिलं. टेपचं टोक सुटलेलं होतं. त्यांनी ते ओढलं.

खाली दांड्यावर अक्षरं कोरलेली होती. डॉक्टरांच्या होडीचं नाव.

महिन्याभरात नावसुद्धा कोरून घेतलं मेल्याने, हाच पहिला विचार त्यांच्या मनात आला. पण अक्षरांच्या खाचांत टेपचा चिकटा मुरून दगडासारखा झाला होता. नखाने निघेना. हे महिन्याभराचं काम नव्हतं.

वहिनींनी पेटी जमिनीवर उपडी केली आणि उरलेल्या सगळ्या अवजारांच्या टेपा सोडायला घेतल्या. प्रत्येकाखाली एक नाव निघालं, आणि प्रत्येक नाव वेगळ्या होडीचं. कॅप्टनची म्हणावी अशी फक्त एक हातोडी निघाली, तिचाही दांडा हलत होता. विसरभोळे होते म्हणावं, तर टेप मात्र आठवणीने गुंडाळली होती. वहिनींना नवऱ्याचा संताप आला, मग हसू आलं, आणि मग एकदम डॉक्टरांचा पडलेला चेहरा आठवून मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार लोकांसमोर चोर म्हटलं, आणि तो भला माणूस स्वतःची वस्तू पुसून देऊन 'चुकलं' म्हणाला.

त्या पेटी घेऊन पुन्हा धक्क्यावर आल्या. त्यांना पाहून डॉक्टर उठून उभे राहिले. अजून चार शब्द ऐकून घ्यायची त्यांची तयारी दिसत होती. वहिनींनी यंत्र त्यांच्यासमोर ठेवलं, उघडा दांडा वर करून.

"हे तुम्ही उसनं मागितलं होतंत ना, भाऊजी? घ्या."

डॉक्टरांनी दांड्याकडे पाहिलं, मग वहिनींकडे. कॅप्टनची लाज राखायचं त्यांनी एकदा ठरवलं होतं, ते काही सोडलं नाही.

"परत कधी आणून देऊ, वहिनी?"

"सावकाश आणा," वहिनी म्हणाल्या. "यांनी तरी कुठे घाई केली होती?"