सारजाबाईचं पोट

सारजाबाईने ताट पुन्हा पुढे केलं. "रस्सा वाड रं अरहान. हात आकडू नगो."

अरहानने वाढलं. त्याची बहीण जस्मीन ओट्यावर पाण्याचे पेले भरत होती. रिहे गावातल्या त्यांच्या अंगणात अम्मीच्या चाळिसाव्याची पंगत बसली होती आणि ही शेजारीण, अम्मीची इतक्या वर्षांची मैत्रीण, तांबड्या रश्शात भात कालवत होती. हिच्या आतड्याची एव्हाना चाळण झाली असणार, जस्मीनला वाटलं. तरी ही जेवते आहे. आणि अम्मी नाही.

जस्मीन पुण्याच्या एका प्रयोगशाळेत आतड्याच्या पेशींवर संशोधन करायची. आतड्याचं अस्तर आठवड्याभरात कात टाकतं. वरच्या पेशी गळतात, खालून नव्या येतात. ही डागडुजी कुठे बिघडते, हे ती काचेच्या बशीत पेशी वाढवून शोधत होती. गावाला एवढंच कळलं होतं की रमजानभाईंची पोरगी पोटाची डॉक्टर आहे. आजही फातिहा आटोपताच निवृत्त मास्तर बंडोपंतांनी तिला बाजूला घेऊन गॅसवर काय घ्यावं ते विचारलं होतं. आईच्या चाळिसाव्याला.

"कमी घ्या," ती म्हणाली होती. "जेवण."

पण बंडोपंतांची तिला नुसती चीड आली. राग होता तो सारजाबाईचा. दर रविवारी फोनवर अम्मी, आणि अम्मीच्या तोंडी सारजाबाईचं पोट. सारजाबाईला जेवण जात नाही. सारजाबाईच्या पोटात कळ येते. मग एकदा, आवाज बारीक करून, सारजाबाईला परसाकडला गेल्यावर रक्त पडतं.

"अम्मी, तिला मोठ्या दवाखान्यात पाठव. लगेच. दुर्बिणीने तपासतात."

"ती न्हाई म्हनती. बाप्या डॉक्टर आसतोय तितं."

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही. त्या बाईचा जस्मीनला उपयोग एवढाच झाला की व्याख्यानाला चांगली सुरुवात मिळाली. "आमच्या गावात एक बाई आहेत," ती सांगायची. "फार्महाऊसवाल्यांना जमीन विकली, बंगला बांधला, खोल्याखोल्यांतून टीव्ही लावले. पण आतड्यातून रक्त जातंय, हे डॉक्टरला सांगायची त्यांना लाज वाटते." सभागृह हसायचं. हशा नेमका कुठल्या शब्दावर येतो, हे तिला पाठ झालं होतं.

पुढे पुढे फोन लागला की ती आधी चेष्टेने तेच विचारी, "काय म्हणतंय सारजाबाईचं पोट?"

"हाय. तसंच हाय," अम्मी म्हणायची.

शेवटी एकदा जस्मीन वैतागली. "लाज एवढी प्यारी असेल, तर मरू दे तिला."

अम्मी म्हणाली, "बरं. सांगते तिला."

त्यानंतर सारजाबाईचा विषय निघाला नाही. आणि मग अम्मीच गेली. आतड्याचा कॅन्सर, पोटभर पसरलेला. सर्जनने पोट उघडलं, बघितलं आणि पुन्हा शिवलं. जगाच्या पोटाची काळजी वाहिली आणि स्वतःच्या पोटाकडे बघितलं नाही, असं जस्मीन भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती. सांगताना तिची नजर शेजारच्या बंगल्याकडे जायची.

पंगत उठली. सारजाबाई हात धुऊन, पदराला पुसत ओट्यापाशी आली.

"सुपारी हाय का गं?"

जस्मीनने डबा उघडून पुढे केला. "मावशी, तिखट खायला नको होतं तुम्ही."

"का गं?"

"रक्त थांबलं का तुमचं?"

"कसलं रगात?"

"आता माझ्यापुढे तरी लाजू नका. अम्मी मला सगळं सांगायची. तुमच्या कळा, तुमचं रक्त. तुमच्या पोटापायी ती झुरत होती."

सारजाबाई सुपारी तोंडात टाकायची थांबली. "माज्या पोटाला काय धाड भरलीया? दगूड टाक, जिरवंल." मग तिला हसू आलं. "बदरूभाभीनं, तुज्या आईनं, कायतरीच सांगितलं बग. ती येडीच हुती. घरचा संडास सोडून रोज सकाळी माज्याकडं यायची. दोन दोन बादल्या पानी वतायची. म्या इचारायची, हितं का गं? तर म्हनं, तुजा उंच हाय, माजं गुडगं दुकत्यात."

जस्मीन डब्याला झाकण लावत होती. ते बसेना. तिने ते काढलं, फिरवलं, पुन्हा लावलं.

सारजाबाईने डोळ्याला पदर लावला. "पर तुजं लई कौतुक हुतं तिला. म्हनायची, येवड्या मोट्या कामातनं बी माजी जस्मीन दर ऐतवारी सगळ्यात आदी माज्या पोटाचं इचारती."